रेश्माच्या कपाळावरचा बिल्ला

कमळ्याचं मेडल त्याच्या छातीवर कधी कुणी पाहिलं नाही. ते असायचं घोडीच्या कपाळावर. त्यामुळे सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी मेडल शोधायची वेळ आली, तेव्हा त्याला पेटीबिटी उपसावी लागली नाही. ते कुठे आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अडचण एवढीच होती की घोडी विकून आठवडा झाला होता.

"कपाळपट्टी काढून ठेवलीस ना गं?" त्याने चिंधीला विचारलं.

"दावं ठेवलं," चिंधी म्हणाली. "ते काय, पडवीच्या मेढीला टांगलंय."

"दावं दिसतंय मला. पट्टी कुठं हाय?"

"ऱ्हायली तिच्या डोक्यावर. माझं ध्यान नाय ऱ्हायलं."

चिंधीचं ध्यान राहिलं नाही! वाडीत कुणाला सांगितलं असतं तर लोक पोट धरून हसले असते. कुणाच्या कोंबडीने कुठल्या कुडाखाली अंडं घातलं हेसुद्धा जिच्या ध्यानात राहतं, ती बाई असं म्हणत होती. पण कमळ्याचं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं. तो तडकला. बायकांना अक्कल नसते इथपासून सुरुवात करून तो चिंधीच्या माहेरापर्यंत पोचला. चिंधी वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिने त्याला पुरतं बोलू दिलं आणि एक शेंगही हातातून खाली पडू दिली नाही.

"मनोजला फोन करतो," शेवटी मुलाची आठवण होऊन तो म्हणाला. "मोहोपाड्यावरनं त्याला कुंभिवली जवळ हाय. कंपनी सुटली का गाडीवर जाऊन घेऊन यील."

"मनोजची आज डबल ड्युटी हाय. तूच जा."

"माझा गुडगा..."

"गुडग्याला काय, गाडीत बसायचंय. डोंगर चढायचा नाय." एवढं बोलून तिने त्याची टोपी त्याच्यापुढे ठेवली.

आता हे मेडल घोडीच्या कपाळावर गेलं कसं, ते सांगायला हवं, नाहीतर ऐकणाऱ्याला कमळ्या चक्रम वाटायचा. तो थोडासा आहेच, पण त्याला कारण आहे.

माथेरानच्या डोंगराखाली कर्जतच्या अंगाला त्याची ठाकरवाडी. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो वर जाऊन शेठलोकांची घोडी धरायचा. मोटारी जिथवर येतात त्या दस्तुरी नाक्यावरून माणसांना घोड्यावर बसवायचं आणि बाजारपेठेपर्यंत पोचवायचं. मग एकदा मिलिटरीची भरती निघाली. तिथल्या साहेबाने विचारलं, काय येतं? हा म्हणाला, घोडं येतं. त्यांनी त्याला खेचरांच्या पलटणीत घातलं. कागदावर हुद्दा मात्र ड्रायव्हर. वाडीला कळलं, कमळ्या मिलिटरीत ड्रायव्हर झाला. आणि हा ट्रक घेऊन दारात कधी उभा राहतो याची सगळी वाडी वाट बघत बसली. पहिल्या रजेला तो स्टेशनवरून चालत आला. लोकांनी विचारलं, "ट्रक कुठं हाय रं?" तो म्हणाला, "माझ्या ट्रकाला शेपूट हाय."

ते शेपूट करवंदीचं. सरकारदरबारी तिला नाव नव्हतं, खुरावर डागलेला नंबर होता. पण रंगाने पिकल्या करवंदासारखी, म्हणून कमळ्याने तिला करवंदी म्हटलं. पलटणीत कुणी पंजाबी, कुणी गढवाली. त्यांना हे नाव काही केल्या उच्चारता यायचं नाही, आणि कमळ्याला त्याचा मनातून आनंदच व्हायचा. ते नाव फक्त त्याच्याच तोंडी राहिलं. दोघांनी मिळून काश्मीरच्या पलीकडच्या उघड्याबोडक्या डोंगरांत रसद वाहिली. तेल, पीठ, गोळ्यांच्या पेट्या, माणसांची पत्रं. जिथे गाडी जात नाही, आणि वारा असला की हेलिकॉप्टरही जात नाही, तिथे करवंदी जायची आणि तिच्यासोबत कमळ्या.

एकदा वरच्या चौकीवरून उतरताना बर्फाचं वादळ आलं. हातभर पुढचं दिसेना. पायवाट बुजली, एका बाजूला दरी. पलटणीचा नियम असा की काही झालं तरी दोरी हातातून सोडायची नाही. पण माथेरानच्या घोडेवाल्यांची रीत उलटी. पावसाळ्यात डोंगरावर धुकं उतरलं की घोड्याला ओढायचं नाही. दोरी सैल करून त्याच्या गळ्यात टाकायची, मागे जाऊन शेपूट धरायचं आणि तोंड बंद ठेवायचं. घोडं आपल्या हिशेबाने घरी नेतं. कमळ्याने तेच केलं. नियम बाजूला ठेवला, करवंदीचं शेपूट धरलं, मागच्याला सांगितलं माझा पट्टा धर, त्याने त्याच्या मागच्याला सांगितलं. अशी सगळी ओळ त्या खेचरीच्या मागून आंधळ्यासारखी चालत गेली आणि तळावर पोचली. तिथे कमळ्याला दोरी सोडल्याबद्दल शिव्या बसल्या आणि मग गरम चहा मिळाला.

मेडल काही या गोष्टीसाठी मिळालेलं नाही, हे कमळ्या स्वतःच सगळ्यांना सांगतो. त्या बर्फात नोकरी केलेल्या सगळ्यांना ते मिळतं. सेवेचं मेडल. कडेवर त्याचा नंबर आणि नाव कोरलंय, कमलाकर. आईबापांनीसुद्धा त्याला या नावाने कधी हाक मारली नव्हती.

त्याच्या मनाला लागून राहिलेली गोष्ट वेगळीच होती.

आपल्याकडे जनावर विकलं, दिलं, कसंही हातातून गेलं, तरी त्याचं दावं घरी ठेवतात. घेणारा आपली दोरी घेऊन येतो. दावं दिलं तर गोठ्याची बरकत जाते असं कुणी म्हणतं. कमळ्याची आई म्हणायची, दावं ठेवलं की जनावर मोकळ्या मनाने जातं आणि आपणही मोकळे होतो. कमळ्याची नोकरी संपली, त्या दिवशी त्याने करवंदीला नव्या पोराच्या हाती दिलं. सामान मोजून घेणाऱ्या हवालदारासमोर झूल ठेवली, खरारा ठेवला, आणि दोरी मात्र हातात धरून म्हणाला, "साब, ये रस्सी मैं ले जाता." हवालदार आधी हसला, मग चिडला. सरकारी दोरी आहे, तुझ्या बापाची नाही. कमळ्या म्हणाला, पैसे घ्या. तेही जमेना. हवालदाराने त्याच्या हातातली दोरी काढून त्या पोराच्या हातात दिली.

मग कमळ्या पेटी उचलून फाटकाकडे चालायला लागला. मागून करवंदी ओरडली. खेचराचं ओरडणं ऐकायला काही गोड नसतं. सुरुवात घोड्यासारखी आणि शेवट गाढवासारखा. बाकीचे जवान हसले. कमळ्याचे डोळे भरून आले होते, आणि त्या नव्या पोरापुढे, त्या हवालदारापुढे ते दिसू नयेत म्हणून त्याने मान वळवली नाही. फाटकातून बाहेर पडेपर्यंत ती ओरडत होती आणि हा समोर बघत चालत होता. नंतर ती कुठे गेली, तिला किती वर्षं वापरली, शेवटी तिचं काय केलं, हे त्याला कधीच कळलं नाही. विचारायचं तरी कुणाला?

मेडल पुढे टपालाने आलं. पोस्टमन वाडीत चढून आला म्हणून चिंधीने त्याला कोरा चहा दिला. कमळ्याने मेडल उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "दाव्याच्या बदल्यात बिल्ला दिला बग सरकारनं."

तेव्हा त्याने नुकतीच रेश्मा घेतली होती, माथेरानला फिरवायला. पांढरी, पायांत जरा काळसर, स्वभावाने अगदी गरीब. त्याने काळा दोरा घेतला आणि ते मेडल तिच्या कपाळपट्टीवर लाल गोंड्याखाली शिवून टाकलं. बाकीचे घोडेवाले चेष्टा करायचे, रेश्मा सुभेदार झाली म्हणायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं पितळेचा दागिना आहे. कमळ्या कुणाला काही सांगायला जायचा नाही. सकाळी पट्टी बांधताना अंगठ्याने तो बिल्ला एकदा पुसायचा, बस्स.

गोंड्याखालचं हे गुपित पकडलं कर्जतच्या नानांनी. नाना रिटायर्ड मास्तर. गावातलं वाचनालय चालवतात आणि रस्त्यात चुकीचा बोर्ड दिसला तर दुकानदाराला खाली उतरवून दुरुस्त करायला लावतात. दिवाळीत सून चारुलता आणि नातवंडांना घेऊन ते माथेरानला आले होते. नातवाला रेश्मावर बसवताना त्यांनी गोंडा बाजूला केला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"अरे कमळ्या! हा काय प्रकार आहे? हे छातीवर लावायचं असतं!"

"नाना, छाती माझी व्हती," कमळ्या म्हणाला. "पाय तिचे व्हते."

नानांनी चष्मा पुन्हा नाकावर ओढला. त्यांनी त्याच्याकडून सगळी हकिगत काढून घेतली आणि जाताना शब्दात अडकवलं. सव्वीस जानेवारीला वाचनालयात झेंडावंदन, कमळ्याचा सत्कार, आणि मेडल छातीवर लावून यायचं. पोरांना दिसू दे, आपल्या डोंगरातला माणूस कुठवर जाऊन आला ते. कमळ्याने मान हलवली. मास्तरांना नाही म्हणायची सवय वाडीत कुणालाच नाही.

त्यानंतर त्याचा गुडघा गेला. डॉक्टरने सांगितलं, डोंगर बंद. मनोजने आधीच सांगितलं होतं की तो काही घोडी धरणार नाही. तेव्हा कुंभिवलीच्या हर्षदने रेश्मा मागितली. त्याचा हायवेला ढाबा, आणि लग्नाच्या वरातीला घोडी द्यायचा धंदा. माणूस बरा, दाणावैरण बघणारा. सौदा कमळ्यानेच ठरवला. पण टेंपो यायच्या दिवशी सकाळीच उठून म्हणाला, मी जरा कर्जतला डॉक्टरकडे जाऊन येतो. चिंधी त्याच्याकडे बघत राहिली. "जा," ती म्हणाली. "तुला नाय जमायचं ते. म्हायती हाय मला." हा दिवसभर कर्जतच्या स्टँडवर बाकड्यावर बसून राहिला आणि संध्याकाळी परत आला, तेव्हा मेढीला दावं टांगलेलं होतं आणि पडवी रिकामी होती.

तर असा हा सगळा मामला. आणि आता तो टोपी घालून, एक पाय ओढत, खोपोलीच्या गाडीत बसला होता.

खोपोलीला उतरून त्याने कुंभिवलीची टमटम धरली. टमटमवाल्याने आठ माणसं कोंबली होती, त्यात एका बाईच्या मांडीवर कोंबडा. कमळ्या बाहेर बघत होता. हायवेला दोन्ही बाजूंना गोदामं, ट्रकांच्या रांगा, टायरवाले, वडापाववाले. त्याला वाटलं, रेश्माला हा आवाज कसा सोसत असेल? दस्तुरी नाक्यावर उभ्या टॅक्स्या सोडल्या तर तिने मोटार पाहिली नव्हती. नाक्यापुढे माथेरानला मोटार नाही. मग त्याला वाटलं, आपण मेडलासाठी निघालोय, घोडीचा विचार कशाला करायचा. मग तो घोडीचाच विचार करत राहिला. आणि नेहमीप्रमाणे रेश्माच्या मागून करवंदी आली. तिचे लांब कान, त्यांच्या टोकांना चिकटलेला बर्फ, आणि चढ संपला की ती जो एक मोठा सुस्कारा टाकायची तो. इतकी वर्षं झाली, आणि एखादं गेलेलं माणूस आठवावं तशी ती त्याला आठवायची. कुणाला सांगायची सोय नव्हती. खेचरासाठी रडतो म्हटलं तर लोक काय म्हणतील! एकदाच, शिमग्याला ताडी जास्त झाली तेव्हा, चिंधीपुढे त्याने सगळं ओकून टाकलं होतं. ती दोरी, ते ओरडणं, ती न वळवलेली मान. सकाळी त्याला वाटलं, चिंधी आता चिडवून जीव घेणार. पण ती त्यावर कधी चकार शब्द बोलली नाही, आणि मग त्याला वाटलं की तिने ऐकलंच नसावं.

ढाब्याच्या मागे पत्र्याची शेड होती. हर्षद मोबाइलवर बोलत बाहेर आला आणि कमळ्याला बघून फोन बंद केला.

"अरे, काका! या, या. बरं झालं आलात. आज वरात आहे, तासाभरात न्यायचीय हिला. बघा कशी सजवलीय!"

रेश्मा शेडमध्ये उभी होती. अंगावर जरीची झूल, गळ्यात प्लास्टिकच्या झेंडूची माळ, पायांत घुंगरू. कमळ्याला ती क्षणभर ओळखूच आली नाही. पण तिने त्याला ओळखलं. तो दाराशी पोचायच्या आधीच तिचे कान उभे राहिले, आणि ती नाकातून फुरफुरली, सकाळी तो चण्याची पिशवी घेऊन यायचा तेव्हा फुरफुरायची तशी. आज पिशवी नव्हती. तो रिकाम्या हाताने आला होता, आणि त्याला त्याची लाज वाटली.

"ती पट्टी," तो हर्षदला म्हणाला. "त्या गोंड्याखाली माझा एक बिल्ला ऱ्हायलाय. मिलिटरीतला."

"तो तुमचा? मला वाटलं शोभेचा आहे. काकी काही बोलल्या नाहीत." हर्षदने लगेच आतून सुरी आणून दिली. "घ्या काढून. मी जरा बँडवाल्यांचं बघतो."

कमळ्याने गोंडा वर केला. मेडल होतं. त्याने सुरीचं टोक दोऱ्याखाली घातलं आणि थांबला.

दोरा लाल होता.

त्याने शिवलं होतं काळ्या दोऱ्याने. सैल, पुरुषी टाके. कधीही सुटतील असे. ते टाके कुठेच नव्हते. त्यांच्या जागी लाल दोऱ्याचे बारीक, घट्ट टाके होते, एकावर एक, मागे गाठ मारलेली. चिंधी गोधडीला घालते तसे. तो लाल दोरा त्याने घोडी जायच्या दोनच दिवस आधी कर्जतच्या बाजारातून तिला आणून दिला होता.

ध्यान राहिलं नाही म्हणे!

म्हणजे घोडी निघाली त्या दिवशी, टेंपो दारात उभा असताना, ही बाई सुई घेऊन बसली होती. सैल टाके उसवून काढले, आणि रस्त्यात कुठे पडू नये म्हणून बिल्ला नव्याने शिवून दिला. सव्वीस जानेवारी तिला ठाऊक होती. नानांना दिलेला शब्द ठाऊक होता. मनोजची डबल ड्युटीसुद्धा, कुणी सांगावं, असेल किंवा नसेल. आधी कमळ्याला असा राग आला की सुरी टाकून घरी जावं आणि तिला चांगलं फैलावर घ्यावं. मग राग कुठल्या कुठे गेला आणि तो त्या लाल टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिला. शिमग्याच्या त्या रात्री तिने ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं.

त्याने टाके एकेक करून कापले. मेडल सुटून हातात आलं, त्याला लाल दोऱ्याचं एक टोक लोंबत राहिलं. रेश्माने मान खाली करून त्याच्या खांद्यावर ठेवली. कमळ्याने तिच्या कानांमागे खाजवलं, झुलीखाली हात घालून पाठ चाचपली. खोगिराच्या जुन्या वळाजवळ केस नीट आलेत का बघितलं. खूर उचलून बघितले. बघण्यासारखं सगळं बघून झालं. मग तो तिच्या कानाला तोंड लावून म्हणाला, "येतो गं, करवंदे."

आपण काय बोललो हे त्याला बोलून झाल्यावर कळलं. त्याने दुरुस्त केलं नाही. त्या शेडमध्ये घोडीच्या मानेला मिठी मारून हा मिलिटरीतला ड्रायव्हर मोकळेपणाने रडला. हर्षद दारापर्यंत आला आणि आल्या पावली मागे फिरला, एवढं त्या पोराला कळलं.

बँड आला. रेश्माला बाहेर काढलं. कमळ्याने हर्षदला सांगितलं, हिला ओढू नको, दोरी सैल धर, आपणहून येते. हर्षदने तशी धरली. वरात सर्व्हिस रोडने निघाली आणि कमळ्या उलट्या बाजूला, टमटमच्या थांब्याकडे. दहा पावलंही झाली नसतील, मागून बँडच्या वरचढ रेश्मा खिंकाळली.

तो वाडीत पोचला तेव्हा ऊन डोंगराच्या माथ्यावर गेलं होतं. चिंधी अंगणात तशीच बसली होती, पुढ्यात सोललेल्या वालांचं सूप. रस्ताभर त्याने तिला काय काय सुनवायचं ते जुळवून ठेवलं होतं. ठाकरांत बायको नवऱ्याला अहोजाहो करत नाही आणि नवराही बायकोपुढे फार वेळ साहेब राहू शकत नाही. तरी आज चार शब्द ऐकवायचेच असं त्याने ठरवलं होतं. त्याने मेडल तिच्यापुढे धरलं. लाल दोरा लोंबत होता.

चिंधीने मेडल हातात घेतलं, पदराने पुसलं. दोऱ्याचं टोक तोडायला दाताशी नेलं आणि तसंच ठेवून दिलं. मिळालं का, हे तिने विचारलं नाही.

"वळाखलं का तिनं?" तिने विचारलं.

"वळाखलं."

ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. मेढीवरचं दावं वाऱ्याने जरासं हललं. कमळ्या पाय लांब करून तिच्या शेजारी बसला, आणि त्यानेही एक शेंग उचलली.

"आन् निघताना?" चिंधी म्हणाली. तिने वर बघितलं नाही. "मागं वळून बगितलंस?"

कमळ्याने शेंग सोलली. दाणे सुपात टाकले.

"बगितलं," तो म्हणाला. "पार दिसंनाशी होईस्तवर."